नातीला कोणत्या शाळेत घालू?

(१९८५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात मे २०२५ मध्ये केलेले भाषण)



समोर आपले गणिताचे सर बसले आहेत, मराठीच्या बाई बसल्या आहेत. चाळीस वर्षं झाली, पण सरांनी वर बघितलं की आजही माझा हात आपोआप मागे जातो. त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, मंत्रालयात काम केलेले आहेत. मी एसटी स्टँडसमोर वह्या-पुस्तकं आणि गणवेशाचं दुकान चालवतो. संयोजक म्हणाले, "गावातल्या सगळ्या शाळांची पोरं तुझ्या दुकानात येतात. शाळांबद्दल तूच बोल." ते खरं आहे. कोणत्या शाळेचा पट वाढला आणि कोणत्या शाळेचा कमी झाला, हे शिक्षण खात्याच्या आधी माझ्या गणवेशाच्या कप्प्याला कळतं. आपल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांना एके काळी तीन कप्पे लागायचे. आता एक पुरतो.

विषय माझ्या घरातही आहे. माझी नात सहा वर्षांची होते आहे. येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मुलगा विचारतो, "बाबा, कुठं घालू?" तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना या प्रश्नाचं उत्तर फुकट देत आलो. घरात विचारल्यावर मात्र मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

आपल्या वेळी हा प्रश्नच नव्हता. चौथीपर्यंत नगरपालिकेची शाळा, पाचवीपासून ही शाळा. मामलेदारांचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर. आज आपल्या एवढ्याशा गावात चार वाटा आहेत. पहिली, नगरपालिकेची आणि वाड्या-वस्त्यांवरची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, दुपारचा आहार मिळतो. दुसरी, आपल्यासारखी अनुदानित शाळा. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. तिसरी, विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा, जिथे सगळा खर्च पालकांच्या फीतून निघतो. आणि चौथी, बायपासवरची सीबीएसई शाळा, जिच्या पिवळ्या गाड्या सकाळी सातला गावभर फिरतात.

लोक म्हणतात, सरकारी वाईट आणि खासगी चांगली. कोणी उलटं म्हणतं. मला दोन्ही पटत नाही. आपल्या मुलखात शाळा काढणं हे मुळात लोकांनीच हाती घेतलेलं काम आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती सरकारची नव्हती. टिळक-आगरकर-चिपळूणकरांचं न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, तेही खासगीच. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते सरकारी. आणि १९१९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हा खासगी या शब्दाचा अर्थ फी असा नव्हता, लोकवर्गणी असा होता. आपल्या शाळेलाही जमीन गावकऱ्यांनी दिली आणि पगार सरकारने दिला. म्हणजे ती दोघांचीही आहे. पण हल्ली दोघांनाही ती दुसऱ्याची वाटते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण आज नाही सांगितली तर पुन्हा सांगणार नाही.

मला दोन मुलं. मुलीला मी नगरपालिकेच्या शाळेत आणि नंतर आपल्या शाळेत घातलं. मुलगा दोन वर्षांनी लहान. त्याला इंग्रजी माध्यमात घातलं. ती सातवीत असताना एकदा म्हणाली, "बाबा, मी का नाही त्या शाळेत?" मी म्हणालो, "ती लांब पडते गं." ती शाळा आमच्या दुकानापासून चार मिनिटांवर होती आणि ते तिलाही माहीत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. मुलगी आज पुण्यात नर्स आहे, मुलगा माझ्याबरोबर दुकान बघतो. दोघं आपापल्या जागी सुखी आहेत. यावरून कोणती शाळा चांगली हे काही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की पैसे एकासाठी होते आणि ते कोणासाठी खर्चायचे हे मी ठरवलं. दुकानात बसून बघतो, अनेक घरांत अजून असंच ठरतं.

दुसरी गोष्ट. मुलगा त्या शाळेत असताना तिथल्या चालकांनी मला बोलावलं. गणवेश फक्त तुमच्याच दुकानातून घ्यायला सांगतो, म्हणाले, त्यातला काही भाग शाळेला द्या. मी हो म्हणालो. तीन वर्षं बाजारात दोनशेला मिळणारा शर्ट तीनशेला विकला. पालक कुरकुरायचे, मी म्हणायचो, "शाळेचा नियम आहे." ठरावीक दुकानातूनच वस्तू घ्या, अशी सक्ती करता येत नाही हे मला माहीत होतं. त्या पालकांत आपल्या बॅचचे दोघं होते. ते आज इथे आहेत. त्यांची मी जाहीर माफी मागतो.

त्याच तीन वर्षांत इकडे आपल्या शाळेत काय होत होतं? शिक्षक किती मंजूर करायचे हे विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात, सरांना ठाऊक आहे. पट घसरला की तुकडी बंद होते. तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. मग गणिताचा तास इतिहासाचे शिक्षक घेतात. ते बघून पुढचा पालक म्हणतो, इथे शिकवायला माणूस नाही, आणि आपलं मूल काढून नेतो. पट आणखी घसरतो. आपल्या वेळी पाचवीला पाच तुकड्या होत्या. आज दोन आहेत आणि दुसरी अर्धी भरते.

आधी कोण गेलं? माझ्यासारखे. ज्यांना चार पैसे मिळत होते, ज्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन "सर, मुलांचा गणिताचा तास का होत नाही?" असं विचारता येत होतं, ते गेले. मागे राहिली ती मजुरी करणाऱ्यांची मुलं. त्यांच्या आई-बापांना एक दिवस खाडा केल्याशिवाय शाळेत येता येत नाही. शाळेचं नुकसान आमच्या फीमुळे झालं नाही. विचारणारे लोक उठून गेले, त्यामुळे झालं.

म्हणून मी इंग्रजी शाळेत गेलेल्यांना नावं ठेवणार नाही. आणि तिकडेही सगळं सोन्याचं नाही. मागच्या जूनमध्ये एका रिक्षावाल्या पालकाचा हिशेब मी गल्ल्यावर बसून केला. फी अठ्ठावीस हजार, गाडीचे अकरा, पुस्तकं-गणवेशाचे नऊ आणि घरी इंग्रजी कोणाला येत नाही म्हणून शिकवणीचे बारा. झाले साठ हजार. तो फक्त अठ्ठावीस धरून चालला होता. फीवर लक्ष ठेवायला आपल्या राज्यात २०११ चा कायदा आहे. फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव यावा लागतो. पण त्या समितीत आपला पालक आहे का, हे किती जण विचारतात?

चौथ्या वाटेवर गरिबासाठी एक दार आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आणि त्यांचे पैसे सरकारने द्यायचे, अशी तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. गावातल्या कित्येकांना हा बदल झाला हेही कळलं नाही आणि रद्द झाला हेही कळलं नाही. फॉर्म भरायला ते माझ्याकडे झेरॉक्सला येतात, म्हणून मला कळलं. दाखल्यातली एक तारीख चुकली म्हणून संधी गेलेलं मूल मी पाहिलं आहे.

आता नातीचं. यावेळी मी ठरवायचं नाही, असं ठरवलं. सुनेवर सोपवलं. एप्रिलमध्ये ती चारही शाळांत जाऊन आली. तिने तीन गोष्टी बघितल्या. एक, पहिली-दुसरीला कोण शिकवतं आणि ती व्यक्ती किती वर्षं तिथे आहे. दोन, वर्षाचा एकूण खर्च, कागदावर लिहून. तीन, तिने पर्समध्ये दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा ठेवला होता. परवानगी घेऊन चौथीतल्या दोन-तीन मुलांना तो वाचायला दिला. जिथे इंग्रजी माध्यम, तिथे इंग्रजी उतारा. 'प्रथम' संस्था देशभर खेड्यापाड्यांत अशाच साध्या रीतीने पाहणी करते. त्यांच्या अहवालांत पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचं पुस्तक नीट वाचता येतं आणि त्यात खासगी शाळांतली मुलंही असतात.

एका शाळेने गेटवरूनच परत पाठवलं. एका शाळेत मुलांनी घडाघडा वाचलं, पण काय वाचलं ते सांगता येईना. नगरपालिकेच्या शाळेत एका मुलीने अडखळत वाचलं, मग स्वतःच मागे जाऊन चुकलेला शब्द दुरुस्त केला. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, मला हे आवडलं." मुलगा म्हणाला, "आणि इंग्रजी?" मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आपल्याला ते पाचवीत भेटलं होतं. ते चांगलं शिकवतात का, हे दर महिन्याला जाऊन बघायचं सुनेनं ठरवलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथे तिने आत्ताच नाव सांगून ठेवलंय. नात नगरपालिकेच्या शाळेत जाणार.

मला वाटलं, पाचवीला ती आपल्या शाळेत येईल. मी तसं बोलूनही गेलो. सूनबाई म्हणाली, "ते तेव्हाची शाळा बघून ठरवू. उतारा घेऊन तिथंही जाईन मी."

मित्रांनो, आपल्या बॅचने शाळेला कमान बांधून द्यायची असं घाटतंय. कमान छान दिसेल. पण मुख्याध्यापकांना मी विचारलं, शाळेला काय हवं? ते म्हणाले, नववी-दहावीला गणित आणि इंग्रजी शिकवायला तासिकेवर दोन शिक्षक मिळाले तर पट थांबेल. त्या तीन वर्षांच्या गणवेशाचा हिशेब मी जुन्या वह्यांतून काढला. माझ्या वाट्याला जास्तीचे एक लाख बारा हजार आले होते. ते आज संयोजकांकडे चेकने दिले आहेत, फक्त शिक्षकांसाठी. कोणी टाळ्या वाजवू नका, ते माझे नव्हतेच.

कमानीचे पैसेही तिकडे वळवावेत, ही माझी विनंती. आणि जे गावातच राहतो त्या आपण वीस-बावीस जणांनी पाळी लावून महिन्यातून एकदा शाळेत जावं. भाषण करायला नको. मागच्या बाकावर बसावं, तास झाला का ते बघावं, नसेल झाला तर विचारावं. सर, आम्हाला परत मागच्या बाकावर बसवून घ्याल ना?

नात जून २०२९ मध्ये पाचवीत जाईल. तिची आई उतारा घेऊन या फाटकातून आत येईल. आपल्याकडे चार वर्षं आहेत.