दडवण्याचा नव्हे, उपचाराचा विषय

(पौड येथील व्याख्यानाचा पाठ)



पौड परिसरातील जीवन गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले. भातखाचरात लावणी करणाऱ्या आईची मुलगी आज शिक्षणासाठी पुण्याला जाते, संगणकासमोर बसून नोकरी करते. मात्र तिची पाळी दोन-दोन महिने लांबली, तर घरातील उत्तर जुनेच असते : ‘लग्न झाले की सगळे सुरळीत होईल.’ हे उत्तर शास्त्राला मान्य नाही.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या वैद्यांनी सात स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले. आज तो ‘पीसीओएस’ म्हणून ओळखला जातो. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या गाठी नसतात. त्या पूर्ण वाढ न झालेल्या बीजपुटिका असतात. अनेक रुग्णांत शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मग रक्तातील इन्शुलिन वाढते, बीजांडकोश पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करतो आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील लव, मुरुमे ही त्याची बाह्य लक्षणे होत. पुढे मधुमेह, गरोदरपणातील मधुमेह आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा धोका वाढतो. मनही खचते.

मुलगी सडपातळ आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नव्हे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. त्यांतील बहुसंख्य स्थूल नव्हत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगी मेद अधिक असलेली आढळली. वरून कृश दिसणाऱ्या भारतीय देहातही मधुमेहाचे बीज असू शकते, ते असे.

पहिल्या पाळीनंतर तीन वर्षे उलटूनही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, तर मुलीला वैद्यांकडे न्यावे. निदान झाल्यास रक्तशर्करा नियमित तपासावी. रोजचा व्यायाम, मोजका आहार, पुरेशी झोप यांना पर्याय नाही. हा विकार म्हणजे वंध्यत्व नव्हे. उपचारांनी अनेक स्त्रियांना मातृत्व लाभते. स्त्रीबीज सुटण्यासाठी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने लेट्रोझोल या औषधाला पहिली पसंती दिली आहे.

स्थळ मोडेल या भीतीने आई औषध लपवते आणि मुलगी स्वतःलाच दोषी मानू लागते. या मौनात उपचाराची मोलाची वर्षे वाया जातात. सून आणणाऱ्या घरानेही हे समजून घेतले पाहिजे. मुलीच्या पाळीची चौकशी तिच्या विवाहापुरती नसावी. ती तिच्या साऱ्या आयुष्याच्या आरोग्यासाठी असावी. ही जबाबदारी आईइतकीच वडिलांची आणि भावाचीही आहे.