आजोबा, नातू आणि मामा तलाव

शहरातल्या जलतरण तलावावर मुलांची बॅच वेगळी, ज्येष्ठांची वेगळी. मुलं पाणी उडवतात आणि ज्येष्ठ वैतागतात, म्हणून ही वाटणी. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे मात्र गावाचा एकच तलाव असतो, मामा तलाव. हा मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले असे तलाव धानासाठी होते. पण गावची पोरं पोहायला शिकली तीही तिथंच. पाठीला रिकामा डबा बांधलेला आणि पाळीवर आजोबा उभे!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली. जवळपास निम्मी तिशीच्या आतली. म्हणून पाळीवरचे आजोबा मला मोलाचे वाटतात. खोल कुठे, गाळ कुठे, हे त्यांना ठाऊक असतं.

पण मंडळी, गाळ उपसला की तळ बदलतो. काल कंबरभर पाणी होतं तिथं आज पुरुषभर खड्डा असतो आणि वरून पाणी तसंच दिसतं. तेव्हा माझं सांगणं एवढंच : उपसा झाला की पावसाआधी, तलाव कोरडा असतानाच, जाणत्यांनी मुलांना घेऊन तळातून फिरावं आणि खड्डे दाखवावेत. पाळीवर एक लांब बांबू आणि दोर कायम ठेवावा. सत्तरीच्या माणसाला उडी घेता येणार नाही, पण दोर नक्की फेकता येईल.