दिवा बदला, पण वाचून बदला



आज आम्ही दिव्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. गाय घेताना आपण दोन गोष्टी विचारतो. वैरण किती खाते? दूध किती देते? दिवा घेताना मात्र कोणी काही विचारीत नाही. तिथेच पैसा जातो.

जुना पिवळा बल्ब बघा. त्याच्या पोटात बारीक तार असते. वीज आली की ती तापते आणि उजेड पडतो. अंगणात, खळ्यावर लावतो तो हॅलोजनही त्याच जातीचा. जळत्या हॅलोजनला हात लागला तर चांगलाच भाजतो. म्हणजे बहुतेक वीज उष्णतेत जाते, थोडी उजेडात. बिल मात्र सगळ्या विजेचे भरावे लागते.

एलईडी दिव्यात तापणारी तार नाही. एका बारीकशा तुकड्यातून वीज जाते आणि तिचा उजेड होतो. निळा उजेड देणारा तुकडा साधला, तेव्हा पांढरा दिवा करता आला. त्या कामाबद्दल जपानात जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पाटी घ्या. हिशेब करू. १००० वॅटचा दिवा एक तास जळला की १ युनिट होते.

६० वॅटचे ३ बल्ब रोज ५ तास लावले, तर महिन्याला २७ युनिटे होतात. ५०० वॅटचा हॅलोजन रोज ४ तास लावला, तर ६० युनिटे. एकूण ८७.

त्यांच्या जागी ९ वॅटचे ३ एलईडी बल्ब लावा. अंगणात ५० वॅटचा एलईडी लावा. तो साध्या अंगणाला पुरतो. मग सगळी मिळून १० युनिटे होतात. राहिली की नाही ७७ युनिटे? आपल्या राज्यात घरगुती वीज महिन्याला १०० युनिटांच्या पुढे गेली, की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणून ही बचत मोठी आहे.

दुकानात गेलात की खोके हातात घ्या. आता तुम्हाला वाचता येते. दोन आकडे शोधा. वॅट म्हणजे वैरण, ल्युमेन म्हणजे दूध. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देई. ९ वॅटचा चांगला एलईडी सुमारे ९०० देतो. ल्युमेनचा आकडा नसेल, तर तो दिवा घेऊ नका. हमी किती वर्षांची, तेही वाचा. पावती जपून ठेवा.

दिवा बदलताना घाई नको. आधी मेन स्विच बंद करा. दिवा थंड होऊ द्या. हात कोरडे असावेत, पायात चप्पल असावी. उभे राहायला लाकडी स्टूल घ्या. बल्ब बदलणे घरी जमते. अंगणातला हॅलोजन मात्र पेटीसकट बदलावा लागतो. ते काम वायरमनकडून करून घ्या. अर्थिंगची तार जोडली का, ते विचारा. दोन पैसे वाचवायला जाऊन जीव धोक्यात घालू नये.

सगळे दिवे एकदम बदलायला नकोत. जो जास्त वेळ जळतो, तो आधी बदला. थेंबे थेंबे तळे साचे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातले दिवे मोजा. प्रत्येकावरचा वॅटचा आकडा वाचा आणि वहीत लिहा. पुढचा हिशेब तुम्हीच कराल.