मेघांतली भेट : कल्पना मुळात कुणाची?

ख्रिस्ती धर्मातल्या एका श्रद्धेच्या उगमाविषयी आज बोलायचं आहे. मी मुसलमान. दुसऱ्याच्या घरच्या वादात फार तोंड घालू नये, हे मला कळतं. पण कयामतीच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. आधी दज्जाल येईल, मग हजरत ईसा दमास्कसच्या पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, असं वडीलधारे सांगायचे. त्याच पाहुण्याची वाट शेजारच्या घरात कशी पाहतात, याचं कुतूहल मला पहिल्यापासून आहे.

ही श्रद्धा इंग्रजीत ‘रॅप्चर’ या नावानं ओळखली जाते. इंग्रजी सिनेमांत आपण तिचं चित्र पाहिलं असेल. मोटार धावते आहे, चालवणारा एकाएकी नाहीसा होतो, सीटवर नुसते कपडे उरतात. जगावर महासंकट कोसळण्याआधी येशू ख्रिस्त आपल्या खऱ्या भक्तांना आकाशात उचलून घेईल आणि बाकीचे सात वर्षं ख्रिस्तविरोधकाच्या राज्यात होरपळतील, अशी ही समजूत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेचसे जुने प्रोटेस्टंट पंथ ती मानत नाहीत. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींत मात्र ती घट्ट रुजलेली आहे.

तिचा आधार आहे संत पौलाचं एक पत्र. साधारण इसवी सन ५० च्या सुमाराला पौलानं ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या नव्या ख्रिस्ती मंडळीला ते लिहिलं. त्या लोकांचं दुःख अगदी घरगुती होतं. प्रभू लवकरच परत येणार म्हणून ते वाट पाहत होते आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं वारली. मग त्या बिचाऱ्यांचं काय? ती या भेटीला मुकणार का? पौल त्यांची समजूत घालतो, की मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर मेघांत उचलले जातील आणि सगळ्यांची भेट होईल. या ‘उचलण्या’साठी मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘हार्पाझो’, म्हणजे झडप घालून नेणं. लॅटिन बायबलात त्याचं ‘रापिएमुर’ झालं आणि त्याच धातूशी ‘रॅप्चर’चं नातं आहे. ‘भेटी’साठीचा ग्रीक शब्दही पाहण्यासारखा आहे. मोठा माणूस गावाला येतो तेव्हा गावकरी वेशीबाहेर सामोरे जातात आणि त्याला घेऊन गावात परततात, त्या सामोरं जाण्याला तो शब्द वापरत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की इथं पृथ्वी सोडून पळणं नाहीच, हे स्वागत आहे. मला हा अर्थ पटतो.

मग ‘संकटाच्या आधी’ हा भाग आला कुठून? खरा तंटा इथं आहे.

बहुतेक इतिहासकार जॉन नेल्सन डार्बी या माणसाकडे बोट दाखवतात. जन्म १८०० चा, आयर्लंडच्या चर्चमधला पाद्री. १८२७ मध्ये घोड्यावरच्या अपघातात जखमी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या बायबल नव्यानं वाचू लागला. पुढे ‘प्लिमथ ब्रदरेन’ या पंथाचा तो म्होरक्या झाला. आयर्लंडमध्ये लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या पुढाकारानं १८३१ पासून भविष्यवाणीवर परिषदा भरल्या, तिथं या विषयावर बरीच चर्चा झाली. ते दिवसही तसेच होते. फ्रेंच राज्यक्रांतीचे हादरे विसरले गेले नव्हते आणि १८३१ मध्ये इंग्लंडात कॉलरा शिरला. शेवट जवळ आला, असं शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं.

दुसरा दावा आहे मार्गारेट मॅक्डोनाल्डचा. स्कॉटलंडमधलं पोर्ट ग्लासगो हे जहाजं बांधणाऱ्यांचं गाव, तिथली ही आजारी मुलगी. १८३० मध्ये तिला काही दर्शन झालं. रॉबर्ट नॉर्टन यांनी ते १८४० मध्ये छापलं. १९७० च्या दशकात डेव्ह मॅक्फर्सन या अमेरिकन लेखकानं ठासून मांडलं, की कल्पना या मुलीची आणि डार्बीनं ती उचलली. डार्बी १८३० मध्ये त्या गावी जाऊन आला होता, हे खरं आहे. तिथले प्रकार ईश्वराकडचे आहेत असं आपल्याला वाटलं नाही, असंही त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या आधी १८६४ मध्ये ट्रेगेलिस या विद्वानानं म्हटलं होतं, की ही शिकवण लंडनमध्ये एडवर्ड आयर्विंगच्या चर्चमधल्या एका अंगात आल्यासारख्या ‘वाणी’तून निघाली. पण पंथात फूट पडली तेव्हा ट्रेगेलिस डार्बीच्या विरोधी गटाशी जोडलेला होता, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मार्गारेटच्या मजकुरात मंडळीची ख्रिस्तविरोधकाकडून परीक्षा होणार असं येतं. म्हणजे संकटाआधी सुटका हा डार्बीचा मुद्दा त्यात सरळ सापडत नाही. तरीही तिचं नाव सारखं पुढे येतं. का? ‘एका आजारी पोरीच्या डोक्यातलं खूळ’ असं म्हटलं की शिकवण आपोआप हलकी ठरते. डार्बीचे विरोधक हे हत्यार म्हणून वापरतात आणि त्याचे अनुयायीही ती आजारी, भोळसट होती असं सांगूनच तिला बाजूला सारतात. दोन्हीकडून अपमान तिचाच होतो. डार्बीही अंथरुणावरच होता, पण त्याला कुणी आजारी पोरगा म्हणत नाही.

आणखी जुने दाखलेही काढले जातात. फिलाडेल्फियाचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक मॉर्गन एडवर्ड्स यांनी १७८८ मध्ये छापलेल्या निबंधात असंच काही आहे. तिथं अंतर साडेतीन वर्षांचं. संत एफ्रेमच्या नावावर चालणारं एक जुनं लॅटिन प्रवचनही पुढे करतात. ते एफ्रेमचं नाही आणि त्याचा काळ चौथ्या शतकापासून सातव्यापर्यंत कुठंही ओढला जातो.

आम्हा शायर लोकांना हा तंटा ओळखीचा वाटतो. उर्दूत दोन शब्द आहेत, ‘सरका’ आणि ‘तवारुद’. दुसऱ्याचा शेर चोरला तर सरका. एकमेकांना न ऐकता दोघांना तोच शेर सुचला तर तवारुद. मुशायऱ्यात यावरून हमरीतुमरी होते आणि निकाल क्वचितच लागतो. एकाच बायबलातली तीच वचनं, त्याच भयाच्या दिवसांत, अनेक जण वाचत होते. मला इथं तवारुदचा वास येतो. पण विखुरलेल्या ओळींची पद्धतशीर रचना केली ती डार्बीनं, हेही तितकंच खरं.

प्रसार मात्र तळटीपांनी केला. १९०९ मध्ये स्कोफील्ड यांचं टिपांसह बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं. वचन आणि टीप एकाच पानावर आल्यामुळे सामान्य वाचकाला दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागली. पुढे १९७० मध्ये हॅल लिंडसे यांचं पुस्तक आलं, १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबऱ्या आल्या आणि त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

आणि तारखाही आल्या. हॅरल्ड कॅम्पिंग हे अमेरिकेतले रेडिओवरून बोलणारे गृहस्थ. रेडिओवरच बोलतो आहे, म्हणून त्यांची आठवण काढतो. त्यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी नोकऱ्या सोडल्या, काहींनी आयुष्याची पुंजी जाहिरातींत घातली. २२ मे उजाडला आणि ती माणसं तशीच घरी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाची तारीख मोबाइलवरून जगभर पोचली, तीही उलटून गेली.

थेस्सलनीका शहर आजही आहे, थेस्सलोनिकी या नावानं. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पौलाच्या पत्रातला हाच उतारा आजही वाचला जातो, अंत्यविधीच्या वेळी, मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांसमोर.