कारखान्यांतील चोरवाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून कोणी ना कोणी वीजकेंद्रात, रसायनांच्या कारखान्यात वा जलशुद्धीकरण केंद्रात नोकरीस आहे. तेथील झडपा, पंप आणि स्विच आता बहुतांशी संगणकाच्या आज्ञेत असतात. ती आज्ञा परक्याने दिली तर काय होईल, हा आजचा विषय होय.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेन देशात तीन वीजवितरण कंपन्यांच्या उपकेंद्रांतील स्विच दूरवरून कोणी उघडले आणि सुमारे २,२५,००० ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात बुडाले. नियंत्रणकक्षातील चालकाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरील बाण आपोआप फिरत होता. चोर त्या दिवशी आले नव्हते. कित्येक महिने आधी कचेरीत कोणी ईमेलसोबत आलेला कागद उघडला होता. पुढे संकेतशब्द चोरीस गेले आणि कर्मचाऱ्यांना बाहेरून काम करण्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच चोर आत शिरले. जाताना त्यांनी उपकेंद्रांशी संपर्क राखणारी उपकरणे निकामी केली. ग्राहकांच्या तक्रारींचा दूरध्वनीदेखील खोट्या कॉलांनी तुंबविला!

ही यंत्रे मोठी भाबडी असतात. त्यांच्यात वापरली जाणारी ‘मॉडबस’ ही संदेशपद्धती १९७९ सालची. मूळ पद्धतीत आज्ञा देणारा कोण, हे विचारण्याची सोयच नाही. कारखाना चार भिंतींच्या आत होता तोवर ते चालून गेले. पुढे हिशेबाच्या सोयीसाठी कचेरीचे जाळे त्यास जोडले गेले. शिवाय कचेरीतला संगणक रात्री बंद करून दुरुस्त करता येतो. धगधगती भट्टी तशी विझविता येत नाही. म्हणून ठाऊक असलेली भोकेही वर्षानुवर्षे उघडी राहतात.

२०१९ साली कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या कचेरीकडील संगणकात घातक प्रोग्राम सापडला. नियंत्रणव्यवस्था त्या जाळ्यापासून वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने जाहीर केले.

युक्रेनमध्ये काही तासांतच वीज परतली, ती संगणकामुळे नव्हे. माणसे उपकेंद्रांवर धावली आणि त्यांनी स्विच हाताने लावले. पूर्ण स्वयंचलित केंद्रात ही विद्या जाणणारे कोणी उरेल काय, ही मला खरी चिंता वाटते. आपल्यातील निवृत्त चालक व फोरमन मंडळींनी पदविकेच्या मुलांना सुटीत चार दिवस ती शिकवावी, आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीत या विषयासाठी एक जागा राखावी, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.