पेटीतला आवाज गळ्यात यावा

(रहिमतपूर येथील सप्ताहातल्या कीर्तनावरून)



नवविधा भक्तीचा विचार चालला आहे. प्रल्हादाने बापाला नऊ भक्ती सांगितल्या. त्यात पहिली श्रवण, दुसरी कीर्तन, तिसरी स्मरण. हा क्रम उगाच लावलेला नाही. आधी कानाने घ्यायचं, मग मुखाने द्यायचं, आणि देता देता जे आत उरतं त्याचं नाव स्मरण. आज या तीन पायऱ्या मी तुम्हाला एका वस्तूवरून सांगणार आहे. ती वस्तू तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी माळ्यावर, नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत पडून आहे. कॅसेट! हसू नका माउली. चक्कीवरून, चुलीवरून, चाळणीवरून संतांनी परमार्थ सांगितला, मग कॅसेटने काय पाप केलं?

सध्या या कॅसेटला पुन्हा दिवस आलेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात विशीतली पोरं टेपरेकॉर्डर आणि तबकड्या हुडकत फिरतात. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या रकमेच्या पुढे गेली; १९८६ नंतर असं पहिल्यांदा झालं. लोकांनी टाकून दिलेलं लोक पैसे मोजून परत घेताहेत. याला नुसती हौस म्हणून मोडीत काढू नका. पोरांच्या हातात फोन आहे, फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत, आणि एकही गाणं शेवटपर्यंत ऐकून होत नाही. बोट लावलं की पुढचं, बोट लावलं की पुढचं. कॅसेटला असं जमत नाही. ती घालावी लागते, बसावं लागतं, एक बाजू संपली की उठून पालटावी लागते. म्हणजे ती ऐकणाऱ्याला एक नेम लावते. पोरांना भूक आहे ती श्रवणाची. त्यांना वाटतं, भूक कॅसेटची आहे.

आता या पेटीची कथा ऐका. आपल्या देशात १९०२ साली कोलकात्याला गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. का? तर तबकडी तयार होणार जर्मनीत. तिथल्या कारागिराला कळायला हवं ना, की हा आवाज कुणाचा! ही नावाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तीन मिनिटांत गाणं मावलं. कीर्तन कसं मावायचं? आमचा नुसता नमनाचा अभंग तेवढ्यात होत नाही! १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. ती घडवणाऱ्या मंडळींचा प्रमुख लाऊ ओटेन्स नावाचा डच इंजिनिअर. त्याने आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला आणि सांगितलं, यंत्र एवढं झालं पाहिजे. पुढे तो ठोकळा कुठे गेला माहीत आहे? गाडीचं चाक बदलताना जॅकखाली ठेवला आणि तिथेच राहिला! हाच माणूस नंतर सीडीच्या कामातही होता, आणि सीडीचा आवाज सरस, असं मोकळेपणाने म्हणायचा. २०२१ साली तो गेला. सांगायचं काय, ज्याने पेटी केली त्याला पेटीचा मोह नव्हता. मोह आपल्याला.

पण त्या पेटीने आपलं काम मात्र मोठं केलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. चार मिलिमीटरही रुंदी नाही अशी फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते, आणि एक बाजू संपेपर्यंत जवळजवळ १२८ मीटर जाते. एवढ्यात हरिपाठ मावला, कीर्तन मावलं. आपल्या साताऱ्याचे बाबामहाराज सातारकर, मूळ नाव नीळकंठ ज्ञानेश्वर गोरे, १९३६ साली साताऱ्यातच जन्मले. घरात दादामहाराजांपासून कीर्तनाची परंपरा, वर शास्त्रीय गाण्याची तालीम. त्यांच्या हरिपाठाच्या कॅसेटी घरोघर गेल्या. पहाटे एका घरात सुरू झालेला हरिपाठ अख्ख्या आळीने ऐकायचा. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. ज्याला वारीला जाता आलं नाही, त्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला त्या आवाजाने घरात वारी घडवली. २०२३ च्या ऑक्टोबरात बाबामहाराज गेले; आवाज आहे. हे उपकार कॅसेटचे. नाकारू नका.

आता दुसरी बाजू लावतो. कॅसेटला दोन बाजू असतात ना!

टेपरेकॉर्डरमध्ये लाल बटण असायचं, भरण्याचं. ते दाबलं की काय होतं? फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग भरणाऱ्या हेडवरून. आधी जुनं पुसलं जातं, मगच नवं बसतं. यंत्र विचारत नाही, की बाबा, यावर आजोबांचं भजन आहे, पुसू का? म्हणून कॅसेटच्या पाठीला दोन बारक्या प्लास्टिकच्या खिट्या ठेवलेल्या. जे राखायचं त्याची खिटी मोडायची, म्हणजे बटण दाबलंच जात नाही. आणि आपण काय करायचो? त्या भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा भरायचो! कितीतरी घरांत गावच्या भजनी मंडळाच्या आवाजावर सिनेमाची गाणी बसली.

पण मंडळी, फितीवरचं पुसलं त्यापेक्षा मोठं पुसणं गळ्यात झालं. पूर्वी गावागणिक हरिपाठाची चाल निराळी. या गावचा विणेकरी एक सूर लावायचा, पलीकडच्या गावचा दुसरा. ध्रुपद उचलण्याची तऱ्हा वेगळी, टाळाचं पाऊल वेगळं. आज कान देऊन ऐका, किती ठिकाणी कॅसेटवरचीच चाल आहे! दोष कॅसेटवर गाणाऱ्याचा नाही. त्यांनी गोड म्हटलं, हा काय गुन्हा? आपण कान उघडला, तिथवर बरोबर; पण गळा बंद केला. स्पीकर लावला की हरिपाठ झाला. श्रवण झालं, कीर्तन यंत्राकडे दिलं, मग स्मरण कुठून उरणार?

तुकोबांचं पाहा. अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेराव्या दिवशी वर आल्या, असं आपण श्रद्धेने सांगतो. सांगणारे हेही सांगतात, की अभंग लोकांच्या मुखात होते, म्हणून इंद्रायणीला ते बुडवता येईनात. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात सरकारने गाथा छापली ती १८६९ साली. तोवर दोनशेवर वर्षं जतन कुणी केली? वह्यांनी केली आणि गळ्यांनी केली. वही भिजते, कागदाला कसर लागते. पण एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलेलं कुठे बुडवाल?

मग कोणी म्हणेल, महाराज, कॅसेटी भंगारात देऊ का? मुळीच नाही! मी उलट सांगायला उभा आहे. तुमच्या गावची पुसली गेलेली चाल राहिली असेल, तर ती त्या ट्रंकेतच राहिली आहे. कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी एकादशीच्या जागराला टेप ठेवला असेल, काल्याचं कीर्तन भरलं असेल, आजीच्या जात्यावरच्या ओव्या हौसेने घेतल्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून, हजारावर गावांतल्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रित करून घेतल्या. जातं घरातून गेलं, ओवी राहिली. कारण कुणीतरी वेळेवर बसून ऐकलं आणि नाव, गाव लिहून ठेवलं.

वेळेवर, हा शब्द महत्त्वाचा. फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या पदार्थाने बसवलेला लोखंडाचा गंज. दमट हवेत तो डिंक चिकट होतो, फितीवर बुरशी धरते. आणि फीत टिकली, तरी वाजवणारं यंत्र कुठे आहे? ते दुरुस्त करणारा कारागीर कुठे आहे? २०१९ साली युनेस्कोने जगाला हाच इशारा दिला, की चुंबकीय फितीवरचे आवाज लवकर उतरवून घ्या, नाहीतर वाजवायची सोय संपेल.

म्हणून हे पदरात बांधून घ्या. घरी गेल्यावर कॅसेटी काढा. बुरशी दिसली तर घाईने टेपमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्यांची खिटी शाबूत असेल तर आधी मोडा. भोकात पेन्सिल घालून ढिली फीत सावकाश ताणा. चालू स्थितीतला टेप मिळवा आणि वायर जोडून आवाज संगणकात उतरवा. प्रती तीन ठिकाणी ठेवा. आणि गौहरजान आठवा! प्रत्येक आवाजाला नाव द्या: कोण म्हणतंय, गाव कोणतं, साल कोणतं, मृदंगावर कोण. ते ओळखणारे म्हातारे आज आहेत. उद्या आवाज असेल आणि ओळख सांगणारा नसेल.

एवढ्यावर थांबलात तर मात्र पेटीतलं दुसऱ्या पेटीत गेलं, इतकंच. खरी गोष्ट पुढे. मंदिरात बसा. आवाज लावा, एक चरण ऐका, बंद करा आणि तुम्ही म्हणा. म्हाताऱ्याने चुकलेलं सांगावं, पोराने पुन्हा म्हणावं. चाल बसेपर्यंत म्हणा.

फितीची एक गंमत सांगतो आणि सेवा पुरी करतो. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर थोडा उमटतो. कधीकधी गायक तोंड उघडायच्या आधीच त्याच्या सुराची पुसट चाहूल ऐकू येते. यंत्रवाले त्याला दोष म्हणतात. आम्ही वारकरी काय म्हणू? संगत म्हणू! निर्जीव पट्टी नुसती शेजारी पडून राहिली तरी शेजाऱ्याचा सूर घेते. मग टाळकऱ्यांच्या ओळीत तुमच्या शेजारी उभं राहिलेलं जिवंत पोर काय काय घेईल! तेव्हा पोराला नुसती कॅसेट देऊ नका, शेजारी जागा द्या. हातात टाळ द्या.

बोला, विठ्ठल, विठ्ठल. रामकृष्णहरी!