दगडातील झाडाचे नाव

जबलपूरहून सुमारे ८० किलोमीटरांवर, आजच्या दिंडोरी जिल्ह्यात, घुघुआ नावाचे गाव आहे. तेथील माळावर झाडांचे बुंधे विखुरलेले दिसतात. दुरून ते वाळलेले लाकूड वाटते. हात लावताच कळते की तो दगड आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हा वाहत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचत, वने वाढत. उन्मळलेले झाड गाळात गाडले गेले, की हवेअभावी त्याचे कुजणे मंदावे. ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपणारे पाणी विरघळलेली सिलिका आणी. ती पेशींच्या भिंतींत मुरे, पोकळ्या भरून काढी. लाकूड हळूहळू नाहीसे होई. त्याची घडण मात्र राही. ही सिलिका पुष्कळदा प्रथम ओपलच्या रूपाने बसते. ओपल म्हणजे पाणी धरून ठेवणारी, सुघटित स्फटिक न बनलेली सिलिका. दीर्घ काळानंतर तिचीच गारगोटी होते.

मग हे झाड मुळात कोणते, हे कसे ओळखावे? रंगाचा येथे उपयोग नाही. तांबडेपिवळे रंग बहुधा लोहाचे असतात. दगडाचा एक आडवा व दोन दिशांचे उभे काप घेऊन ते इतके घासतात, की त्यांतून प्रकाश आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली जलवाहिन्या आणि किरणांच्या पेशी दिसू लागतात. वाहिन्यांचे पुंजके सर्वत्र विखुरलेले असले, तर ते झाड ताडाच्या कुळातले समजावे.

मंडला जिल्ह्यातील सांख्यिकी अधिकारी धर्मेंद्र प्रसाद यांनी या अवशेषांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९८३ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी येथील एका लाकडास निलगिरीच्या, म्हणजे युकॅलिप्टसच्या, गणात घालून प्रसाद यांचे नाव दिले. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची. ती नर्मदेच्या खोऱ्यात होती, हे खरे ठरले तर भूखंडांच्या जुन्या नात्याला साक्षीदार मिळतो. म्हणूनच या ओळखीविषयी पुढे शंकाही घेतली गेली.

अशा वादाचा निवाडा अधिकारवाणीने होत नाही, दगडच पुन्हा तपासावा लागतो. कोणी हौसेने एखादा तुकडा खिशात घालून नेला, तर दिवाणखान्याला शोभा येईल. पण तो कोणत्या थरातला, कोणत्या झाडाशेजारचा, हे सांगणारे कोणी उरणार नाही. साडेसहा कोटी वर्षे टिकलेली साक्ष एका क्षणात मुकी होईल.